प्रोग्रॅम चालला, पण का?

नगर जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्या काळात गावोगावच्या माळांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यातलंच आमचं एक. पाथर्डी, शेवगाव, पारनेरकडून एसटीनं येणारी मुलं हे आमचे विद्यार्थी. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, कुणाचं गावात दुकान, कुणाचे वडील झेडपीच्या शाळेत गुरुजी. आता शिकवणं थांबलं आहे, पण नव्यानं नोकरीला लागलेली मुलंमुली अजून फोन करून विचारतात, "मॅडम, आम्ही कसं शिकवायचं?" त्यांना वेळोवेळी जे सांगितलं ते इथे एकत्र लिहिते आहे.

१. कीबोर्डच्या आधी कागद.

प्रॅक्टिकलला बॅच आली की सुरुवातीला मॉनिटर बंद ठेवायचे. मुलांनी कागदावर रकाने आखायचे, वर व्हेरिएबलची नावं लिहायची आणि प्रोग्रॅमच्या एकेका ओळीनंतर कुणाची किंमत काय झाली ते खाली मांडत जायचं. याला आम्ही ड्राय रन म्हणतो. मुलं कुरकुरतात, कारण शेजारच्या लॅबमधल्या बॅचचं तोवर आउटपुट दाखवून झालेलं असतं. कुरकुरू द्यावं. एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून आलेल्या मुलांना सी भाषा येत नाही असं नसतं, त्यांचे प्रोग्रॅम पाठ असतात. पॉइंटर आणि रिकर्जनपाशी मात्र पाठांतराचा रस्ता संपतो. लिंक्ड लिस्टमधला नोड मोकळा करण्याआधी पुढच्या नोडचा पत्ता धरून ठेवला नाही तर उरलेली सगळी यादी हातची जाते. कागदावर स्वतः काढलेला बाण स्वतः खोडताना ज्याला हे दिसलं, त्याला ते पुन्हा सांगावं लागत नाही.

२. "मॅडम, रन झाला" इथे काम सुरू होतं.

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नाही. त्याला माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं, आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

असाइनमेंट बायनरी सर्चची. क्रमानं लावलेल्या आकड्यांतला मधला बघायचा. आपला आकडा त्याहून मोठा असेल तर डावी अर्धी यादी सोडून द्यायची, लहान असेल तर उजवी, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पोराला सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण ही पद्धत १९४६ साली पहिल्यांदा छापून आली आणि एकही चूक नसलेली छापील आवृत्ती यायला १९६२ साल उजाडलं. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटलींनी हीच गोष्ट अनुभवी प्रोग्रॅमरांना लिहायला दिली, तर दहातल्या नऊ जणांच्या कामात चूक निघाली. बेंटलींनी तपासून, सिद्ध करून छापलेल्या आवृत्तीतही एक चूक लपून होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली, कारण त्यांनी स्वतः जावाच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या कोडमध्येही ती उतरली होती आणि काही वर्षं कुणाच्याच लक्षात आली नव्हती. यादीत १०७ कोटींहून जास्त आकडे असले तरच ती चूक दिसते, म्हणून ती इतका काळ दडून राहिली.

आमच्या लॅबमध्ये मात्र ती वीस हजारांतच दिसायची, कारण आमच्याकडे निळ्या पडद्याचा टर्बो सी होता. त्यात इंटिजर १६ बिटचा. ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटून उणे होतो, म्हणजेच ओव्हरफ्लो. देशभरच्या कॉलेजांतून टर्बो सी कालबाह्य म्हणून हिणवला गेला, पण मर्यादा डोळ्यांना दाखवायला त्याच्याइतकं चांगलं साधन मला पुन्हा मिळालं नाही.

एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे की. दहा आकडे टाकून बघितले." मी म्हटलं, "आता वीस हजार घे. लूपनं भर, शून्य ते १९,९९९. आणि १९,५०० शोध. दर फेरीला लो, हाय, मिड छापत जा." त्यानं तसं केलं. पडद्यावर पहिली ओळ आली: ०, १९,९९९, ९,९९९. दुसरी: १०,०००, १९,९९९, १४,९९९. तिसरी: १५,०००, १९,९९९, उणे १५,२६८.

सगळी बॅच त्या पीसीभोवती गोळा झाली. "पीसी खराब आहे, शेजारच्यावर करून बघ," असं कुणीतरी सुचवलं. शेजारच्यावरही तेच आलं. मग मी खडू हातात दिला. १५,००० आणि १९,९९९ ची बेरीज ३४,९९९. ती ३२,७६७ च्या पुढे गेली म्हणून तिच्यातून ६५,५३६ वजा करा. उणे ३०,५३७ उरले. त्याचे निम्मे करा, अपूर्णांक सोडा. उणे १५,२६८. फळ्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा तंतोतंत जुळला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मी फार जपली आहे. पीसी बिघडलेला नव्हता, त्यानं सांगितलं तेच केलं होतं.

"बेरीज न करता मधला कसा काढाल?" एवढंच मी विचारलं. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी मागून म्हणाली, "आधी अंतर काढायचं. हायमधून लो वजा. त्याचं निम्मं लोमध्ये मिळवायचं." ब्लॉक यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी एक हीच. पुस्तकात न बघता ती आमच्या लॅबमध्ये निघाली.

शिकवणारीनं करायचं ते एवढंच असतं, पण त्याला अख्खं प्रॅक्टिकल जातं. जाऊ द्यावं. त्या दिवशी बाकीच्या असाइनमेंट मागे पडल्या तरी चालतं.

३. पॅटर्न बदलतो, पाया फार हळू बदलतो.

पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे २००३, २००८, २०१२, २०१५ आणि २०१९ हे पॅटर्न माझ्या हाताखालून गेले. दर वेळी विषयांची नावं बदलली, दोन विषयांचा एक झाला, एकाचे दोन झाले, टर्मवर्कचे मार्क कमीजास्त झाले. वरचे विषय येतात आणि जातात, आणि ते शिकवायला आपल्याला सुट्टीत बसून नव्यानं शिकावं लागतं. त्याची तक्रार करू नये, या व्यवसायाचा तो भागच आहे. पण दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढायची डायक्स्ट्रांची रीत १९५९ सालच्या लेखात आहे आणि हजार बदल होऊनही ती अभ्यासक्रमाबाहेर गेलेली नाही. होअर यांचं क्विकसॉर्ट १९६१ चं. ट्युरिंगचा निबंध १९३६ चा, म्हणजे आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तसं यंत्र अस्तित्वात येण्याच्याही आधीचा.

टीओसीच्या (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) तासाला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, याचा जॉबला काय उपयोग. मी सांगत असे: उद्या तुझा मॅनेजर म्हणेल, कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की अडकून बसेल हे आधीच खात्रीनं सांगणारं टूल बनव. ज्यानं ट्युरिंग वाचला आहे तो सहा महिने राबणार नाही, असं टूल होऊच शकत नाही हे तो तिथेच दाखवून देईल.

सिस्टिम प्रोग्रॅमिंगला आयआयटी मुंबईच्या ढमढेरे सरांचं पुस्तक आम्हाला पुरलं. टू पास असेम्ब्लरचं प्रॅक्टिकल मुलांना नकोसं होतं. सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल, पूल टेबल, सगळं हातानं भरायचं. नोकरीत कुणीही असेम्ब्लर लिहिणार नाही हे मलाही माहीत असतं. पण एखादं नाव वापरलं आधी आणि त्याचा पत्ता कळणार नंतर, म्हणून यंत्राला मजकुरावरून दोनदा जावं लागतं, ही एक गोष्ट जिला उमगली ती लिंकरचा एरर बघून घाबरत नाही. एरर वाचते.

४. लॅबमध्ये मराठीत विचारू द्या.

लेक्चर इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, ओरलही इंग्रजीत. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीतून झालेलं असलं तरी मुलांचं घर आणि डोकं मराठीत चालतं. डिप्लोमा करून थेट एसईला येणारी मुलं तर हातानं सर्वांत तयार आणि बोलण्यात सर्वांत मागे. "एनी डाउट्स?" असं विचारलं की वर्ग गप्प. "काय कळलं नाही रे?" असं विचारलं की चार हात वर. व्हेरिएबल, स्टॅक, पॉइंटर हे शब्द तसेच ठेवून सगळं समजावणं मराठीत केलं तर काहीच बिघडत नाही. एआयसीटीईनं २०२१ पासून भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली, ते चांगलंच झालं. माझं मात्र ठाम मत आहे की अख्खी पदवी मराठीतून नसली तरी शंका मराठीत विचारण्याची मोकळीक प्रत्येक लॅबमध्ये हवी. त्याच मुलांना इंग्रजीतून उत्तर लिहायचा सराव मग वेगळा द्यावा, आणि तो आपणच द्यावा, इंग्रजीच्या प्राध्यापकांवर सोडून मोकळं होऊ नये.

५. कॉपी पकडण्यापेक्षा ओरल चांगली घ्या.

सबमिशनच्या आठवड्यात एकाच फाइलच्या साठ प्रती येतात. पूर्वी फ्लॉपीवरून, मग पेन ड्राइव्हवरून, मग गिटहबवरून, आणि नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटीकडून. साधनं बदलली, पण मूळ प्रश्न एकच: समोरच्याला हे समजलं आहे का? त्यासाठी मला उपयोगी पडलेली पद्धत साधी आहे. मुलाच्या प्रिंटआउटमधली एक ओळ पेन्सिलनं खोडायची, किंवा 'पेक्षा लहान'चं 'पेक्षा लहान किंवा समान' करायचं, आणि विचारायचं, आता काय होईल? ज्यानं स्वतः लिहिलं असेल तो क्षणभर थांबून, बोट फिरवत सांगतो. ज्यानं उतरवलं असेल पण नंतर बसून समजून घेतलं असेल तोही सांगतो, आणि त्याला मी पूर्ण मार्क देत आले. कोड कुठून आला याच्याशी मला कर्तव्य नाही. डोक्यात गेला का, याच्याशी आहे.

एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजात गेल्यावरही हेच करावं. तिथली मुलं आपली नसतात म्हणून 'डिफाइन स्टॅक' विचारून पाच मिनिटांत मोकळं होणारे परीक्षक मी पुष्कळ पाहिले. वर्षभर राबलेल्या मुलावर तो अन्याय असतो.

६. बीईच्या प्रोजेक्टला कमी लेखू नका.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची एक रीत जाहीर केली. ती दर वेळी खात्रीचं उत्तर देते आणि संख्येतल्या अंकांच्या हिशेबात वाजवी वेळात देते. अशी रीत जगभरचे गणिती कित्येक वर्षं शोधत होते. २००६ साली तिघांना त्यासाठी गोडेल पारितोषिक मिळालं. त्यातले कयाल आणि सक्सेना हे त्याच वर्षी बी.टेक. झालेले, आणि या कामाची मुळं त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये होती. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती.

आमच्या मुलांनी गोडेल पारितोषिक मिळवावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण दुकानातून तयार प्रोजेक्ट सीडीवर विकत आणून त्याचा रिपोर्ट बांधून घ्यायचा, या प्रकाराला माझा शेवटपर्यंत विरोध राहिला. त्यावर उपाय म्हणून विषय जवळचे द्यायचे. दूध संघातल्या संकलनाचा हिशेब, साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचा नंबर कसा लावायचा, एसटी स्टँडचं वेळापत्रक. कारखान्याच्या गेटवर रात्रभर रांगेत थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांशी बोलून आलेल्या गटाला 'क्यू' म्हणजे काय हे मी पुन्हा शिकवलं नाही. त्यांच्या घरातली माणसं त्या रांगेत उभी राहिलेली होती. मध्येच कुणाच्या ट्रॉलीचं टायर फुटलं तर त्याचा नंबर राहतो की जातो, हा प्रश्न त्यांनीच काढला, आणि त्या एका प्रश्नावर त्यांचं सगळं डिझाइन बदललं.

७. पीएच.डी. करा, पण विषय स्वतःचा घ्या.

२०१० च्या यूजीसी नियमांनी बढतीला एपीआय या मूल्यांकनाचे गुण जोडले आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या जर्नलांचा सुळसुळाट झाला. घर, मुलं, आठवड्याचा पूर्ण लोड आणि वर नॅक, एनबीएच्या फायली सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकाला तो सोपा रस्ता खुणावतो. माझं म्हणणं, त्या रस्त्यानं जाऊ नये. गुण मिळतात, पण डोक्यात काहीच भर पडत नाही.

मी मराठी शब्दांच्या रूपांवर काम केलं. 'पाण्यातून' मधलं पाणी आणि 'भावाला' मधला भाऊ संगणकाला ओळखता यावा, एवढाच तो प्रश्न. इंग्रजीसाठीच्या रीती इथे लागू पडत नाहीत, कारण आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी शब्दच रूप बदलतो. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटानं मराठी वर्डनेट उभं केलं होतं, त्याचा मोठा आधार झाला. काम हळू झालं. पण रोज पेपर वाचताना, बसची पाटी बघताना, सासूबाईंचं बोलणं ऐकताना नवीन उदाहरण हाती लागायचं आणि थकवा जायचा. परदेशी लेखातला विषय उचलून त्यात एक पायरी बदलली असती तर हा आनंद मिळाला नसता.

८. पगाराबद्दल बोला.

शिक्षकी हा पवित्र पेशा आहे असं म्हणून पगार थकवणाऱ्या संस्थांसमोर गप्प बसू नये. विनाअनुदानित कॉलेजांत महिनोन् महिने पगार न मिळालेली, कागदावर एक आणि हातात एक असा हिशेब सोसणारी, दरवर्षी नव्यानं कंत्राटावर घेतली जाणारी हुशार माणसं मी जवळून पाहिली. त्यातली चांगली शिकवणारी कंपनीत निघून गेली, आणि त्यांना अडवण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. नुकसान विद्यार्थ्यांचं झालं. नियुक्तिपत्र, विद्यापीठाची मान्यता, पीएफच्या पावत्या पहिल्या दिवसापासून नीट लावून ठेवाव्यात.

९. बाजाराच्या लाटेवर मुलाची किंमत करू नका.

२००१ मध्ये आणि पुन्हा २००८-०९ मध्ये ऑफर लेटर हातात असलेली मुलं घरी बसून राहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याहून कितीतरी कच्च्या मुलांना कंपन्यांनी बोलावून बोलावून घेतलं होतं. त्या वर्षी पास होणाऱ्यांचा यात काय दोष? अशा वेळी लॅब संध्याकाळी उघडी ठेवावी, कंपायलर, नेटवर्किंग, डेटाबेस जे जमेल ते त्यांच्याबरोबर पुन्हा घ्यावं. लॅब असिस्टंटला थांबायला सांगताना त्याच्या बसची वेळ विचारावी.

आता पालक विचारतात, एआय आल्यावर मुलीला कॉम्प्युटरला घालू का. मी विचारते, तिला गणित सोडवत बसायला आवडतं का? उत्तर चुकलं तर ती चिडून वही मिटते, की कुठे चुकलं ते शोधते? शोधत असेल तर घाला.

१०. शिफारसपत्रात पाहिलेलंच लिहा.

एमएसला जाणाऱ्या मुलांची पत्रं एकाच साच्यातून काढू नयेत. 'हुशार, मेहनती, प्रामाणिक' हे शब्द वाचून परदेशातल्या प्राध्यापकाला काहीच कळत नाही. "हिनं ओव्हरफ्लोची चूक पुस्तक न बघता दुरुस्त केली," हे वाक्य मात्र तो पुन्हा वाचतो. असं लिहायला घडलेलं लक्षात राहायला हवं. मी प्रत्येक बॅचची एक वही ठेवत असे.

११. एसईचा वर्ग मागून घ्या.

सिनिऑरिटी आली की लोक बीईची इलेक्टिव्ह घेतात, कारण वर्ग छोटा, विषय नवा, पेपर कमी. एसईचा डेटा स्ट्रक्चरचा वर्ग नुकत्याच रुजू झालेल्या मुलीच्या गळ्यात पडतो. हे उलटं व्हायला हवं. मुलाला हा विषय जमेल की नाही हे त्याच वर्षी ठरतं. तिथे कच्चा राहिलेला मुलगा पुढची दोन वर्षं रेटत नेतो. आयआयटीत मोठमोठी माणसं पहिल्या वर्षाला शिकवतात. आमच्याकडेही विभागप्रमुख झाल्यावर मी एसईचा लोड स्वतःकडे ठेवला आणि नव्या सहकाऱ्यांना आधी माझ्या प्रॅक्टिकलला बसवलं. त्यांनी काही करायचं नसे. मुलं कुठे अडतात तेवढं मागे बसून टिपायचं, आणि चहाला भेटल्यावर मला सांगायचं.